बिनसहीचा पाहुणा आणि बाबांचा डावा कान

शुक्रवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आमच्या लॅपटॉपने मला 'नाही' म्हटलं. आजवर मला पुष्कळांनी नाही म्हटलेलं आहे. सव्वादोन वर्षांची माझी मुलगी टिकली दिवसातून साठ वेळा म्हणते ते तर मी मोजतही नाही. पण इतक्या शांतपणे, आवाज न चढवता आणि तरीही तसूभर न हलता कुणी म्हटलं नव्हतं. पडद्यावर एक चौकट आली. या ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची खातरजमा करता आली नाही, सबब तो बसवता येणार नाही, असा मजकूर. खाली एकच बटण, 'बंद करा'. 'तरीही पुढे जा' असं काही नाही. 'मी जबाबदार बाई आहे, माझं ऐका' असंही नाही. वाद घालायला जागाच ठेवलेली नव्हती.

मी पुन्हा करून पाहिलं. तीच चौकट. वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली. तीच चौकट. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी लॅपटॉपला "प्लीज" म्हटलं. हे मी पदवीधर असून सांगते आहे.

त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला साबणाच्या वडीएवढी एक करडी पेटी होती आणि त्या पेटीवर माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे बाबांचे, दोन्ही कान अवलंबून होते. बाबांच्या कानांमागे श्रवणयंत्रं आहेत, अकरा वर्षं जुनी. ऐकणं जसजसं बदलत जातं तसतशी ती यंत्रं नव्याने जुळवून घ्यावी लागतात, आणि ते जुळवणं कॉम्प्युटरवरून या पेटीमार्फत होतं. गेल्या चार महिन्यांत बाबांना बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे झाले. माझ्या नवऱ्याचा आवाज जाड, तो त्यांना ऐकू येतो. माझा अर्धा येतो. (उरलेला अर्धा नवऱ्याला येत नाही, पण त्याला यंत्र नाही.) टिकलीचा अजिबात येत नाही. आणि टिकलीने बोलायला सुरुवात केली ती नेमकी याच चार महिन्यांत.

ती त्यांच्यासमोर उभी राहून सांगायची, "आबा, माझा बूट हरवला."

आबा म्हणायचे, "वा! छान छान."

"आबा, बूट!"

"हो का? मग तर मज्जाच."

सव्वादोन वर्षांच्या माणसाने किती दिवस सोसायचं? हळूहळू तिने त्यांच्याशी बोलणं सोडलं. काही हवं असलं की त्यांचं बोट धरून ओढत न्यायची, वस्तूकडे हात दाखवायची आणि बोलायला माझ्याकडे यायची. मी एकदा म्हटलं, "अगं, आबांना सांग ना." तर म्हणाली, "आबाशी नाय बोलत मी. आबा नुसता हसतो." बाबांना हे ऐकू आलं नाही. पण कळलं असावं, कारण त्यानंतर त्यांचं हसणंही कमी झालं.

नवीन यंत्रं घ्या, असं सगळ्यांनी सुचवलं. तीही आणून झाली. पंधरा दिवसांनी बाबांनी ती काढून डबीत ठेवली आणि म्हणाले, "डोक्यात कुणीतरी पत्रा ओढतंय." जुनी जुळवून देणारा माणूस एकच, कानवाले काका. त्यांनी दुकान बंद करून लेकीच्या गावी मुक्काम हलवला, कारण त्यांच्या कॉम्प्युटरने एका दुपारी धूर काढून कायमची रजा घेतली होती. जाताना ही पेटी आणि तिच्या सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह त्यांनी बाबांच्या हवाली केला. आता रविवारी ते कामासाठी इकडे येणार होते. दहाला आमच्याकडे, साडेबाराला परतीची गाडी. फोनवर म्हणाले, "तुम्ही फक्त लॅपटॉपवर पेटी चालू करून ठेवा. बाकीचं माझ्यावर सोडा."

मी म्हटलं, "एवढंच ना!"

घर बांधायला काढणारे, केस घरी रंगवणारे आणि मुलीला एकट्याने न्हाऊ घालायला निघालेले बाप, सगळे हेच म्हणून सुरुवात करतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चौकटीचा फोटो मी माझ्या मावसबहिणीला पाठवला. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं काम करते. लहानपणी माझ्या शोधायची, तेव्हा पगार नव्हता. तिचा लगेच फोन आला.

"ताई, ड्रायव्हर म्हणजे काय ते माहितीये ना तुला?"

"माहितीये की," मी म्हटलं. मग जरा थांबून म्हटलं, "नाही माहिती."

"पेटी एक भाषा बोलते, लॅपटॉप दुसरी. मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. पण हा दुभाषी दारात उभा राहून बोलत नाही हं. तो पार आतल्या खोलीत जाऊन बसतो. सगळ्या किल्ल्या असतात ना, तिथे."

"म्हणजे तिजोरीपाशी?"

"तुला समजेल असं सांगू? पाळण्यापाशी."

मी उठून टिकली कुठे आहे ते बघून आले.

मग तिने मला जे सांगितलं ते मी सोफ्यावर बसून, हातातला घड्या घालायचा टॉवेल तसाच धरून ऐकलं. पूर्वी म्हणे कुणीही यायचं, 'मी दुभाषी' म्हणायचं आणि आत जाऊन बसायचं. त्यात चोरही घुसले. तेव्हापासून नियम झाला की ज्याने ड्रायव्हर लिहिला त्याची डिजिटल सही त्यावर हवीच. आणि ही सही म्हणजे कागदाच्या तळाशी मारलेला फराटा नव्हे. आतल्या अक्षर न् अक्षराचा हिशेब करून ती तयार होते. नंतर कुणी एक टिंब जरी इकडचं तिकडे केलं तरी हिशेब चुकतो आणि सही आपोआप फुटते. बरं, सही करणारा तरी खरा कशावरून? तर त्याला ओळखणारी एक वरची संस्था असते. तिला ओळखणारी तिच्याहून वरची.

"आणि सगळ्यात वरच्याला कोण ओळखतं?" मी विचारलं. माझा आवाज नकळत खाली आला होता.

"त्याला कुणी नाही, ताई. त्याची ओळख कारखान्यातच लॅपटॉपच्या पोटात लिहून दिलेली असते."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. दोन वर्षं मी त्याच्यावर चादरींच्या किमती बघत होते.

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. नळ दुरुस्त करणारा आला तर मी दाराची साखळी न काढता त्याचं ओळखपत्र बघते, त्याच्या दुकानात फोन करते आणि त्याच्या मिशांचं वर्णन जुळवून घेते. मागच्या खेपेला त्याने मिशी काढली होती, तर तो वीस मिनिटं जिन्यात बसला. शेजारीपाजारी मला हसतात. नवरा म्हणतो, तू जन्मताच दाराला कडी लावून आली असशील. मला वाटायचं, या जगात एवढी काळजी वाहणारी मी एकटी. आणि माझ्या मांडीवर बसून ऊब देणारा हा चपटा डबा डोळ्याचं पातं लवायच्या आत तेच करतो, प्रत्येक वेळी करतो, कुणाच्या भिडेला न पडता करतो आणि त्याला कुणी हसत नाही! मला एकदम भरून आलं. टॉवेल होताच हातात.

"मग मी पेटीच्या कंपनीकडून सही मागवते," मी म्हटलं.

"कंपनी केव्हाच बुडाली. सही करणारं कुणी उरलेलंच नाही."

"मग?"

"मग एक आडवाट आहे. लॅपटॉप बंद करून वेगळ्या पद्धतीने चालू करायचा. एक यादी येते, त्यात सातवा पर्याय निवडायचा. मग तेवढ्या वेळेपुरती सही विचारली जात नाही. पुन्हा बंद करून चालू केला की पहारा परत जागच्या जागी."

नवऱ्याला हे इतकं सोपं वाटलं की तो जेवता जेवताच म्हणाला, "मग कर ना सात नंबर."

"अरे, पहारेकऱ्याला रजा द्यायची? आणि आत कोण जाईल ते कुणी बघायचं? पाळण्यापाशी?"

"लॅपटॉपमध्ये पाळणा नाहीये."

"टिकलीचे जन्मापासूनचे सगळे फोटो कुठे आहेत?"

यावर त्याने जास्तीची भाजी वाढून घेतली.

एव्हाना बातमी जिन्यातून खाली-वर पसरली होती. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी उतरता उतरता सांगितलं, की लॅपटॉपकडून नुकसानभरपाई मागता येईल. आणि संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे बँकवाले काका चष्मा पुसत आले. काकांनी चौतीस वर्षं बँकेत नमुन्याच्या सह्या जुळवल्या. अजूनही कुणी कुरियर घेताना सही केली तर ते लांबून मान तिरपी करून बघतात.

"कुठाय ती सही? दाखव बघू," ते म्हणाले.

"नाहीये, काका. तोच तर घोळ आहे."

"मग ज्यांची आहे त्यांची दाखव."

मी लॅपटॉपमधला एक सहीवाला ड्रायव्हर उघडून दाखवला. त्यात सही करणाऱ्याचं नाव, त्याला ओळखणाऱ्याचं नाव, त्यालाही ओळखणाऱ्याचं नाव आणि सहीची तारीख, तास, मिनिट, सेकंद असं सगळं ओळीने होतं. काकांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"सेकंदसुद्धा," ते हळूच म्हणाले. "आम्हाला मेला तारखेचा शिक्का वेळेवर फिरवला जायचा नाही."

आम्ही दोघं काही वेळ देवळात बसावं तसे लॅपटॉपसमोर बसून राहिलो. बाबा पलीकडच्या खुर्चीत होते. त्यांनी आमच्याकडे बघून अंदाजाने मान डोलावली.

"काका, आता तुम्हीच सांगा. तुमच्याकडे सही जुळली नाही तर काय करायचात?"

"परत पाठवायचो."

"आणि माणूस खराच गरजू असला तर?"

काकांनी दाराकडे बघितलं, जणू त्यांचे साहेब येतील. "तर त्याला स्वतः समोर बोलवायचं. त्याला ओळखणारा एक जण शेजारी उभा करायचा. मॅनेजरने आपल्या जबाबदारीवर तेवढा एक व्यवहार होऊ द्यायचा, पुढचा नाही. आणि तो होईपर्यंत मॅनेजरने जागा सोडायची नाही. चहालासुद्धा नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रविवारी कानवाले काका स्वतः समोर असणार. त्यांना ओळखणारे बाबा शेजारी. इंटरनेट बंद. एकच व्यवहार. आणि पहारेकरी रजेवर असेल तेवढा वेळ त्याच्या जागी मी उभी राहणार. दुसरं कोण राहणार होतं?

शनिवारी सकाळी रंगीत तालीम करायची म्हणून मी तो सातवा पर्याय शोधायला निघाले, तर त्याच्या आधीच लॅपटॉपने निळा पडदा टाकला आणि म्हणाला, की तुम्ही नेहमीच्या वाटेने येत नाही आहात. सबब अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली द्या.

अठ्ठेचाळीस! आमच्या घराला तीन कुलपं आहेत आणि मला वाटत होतं आपण खूप करतो.

किल्ली होती. लॅपटॉप घेतला तेव्हाच मी ती स्वच्छ अक्षरांत कागदावर उतरवून घेतली होती. नवरा तेव्हा फोनमध्ये फोटो काढतो म्हणत होता. मी म्हटलं, फोन हरवतात. सगळ्यात महत्त्वाचे कागद मी घरात एकाच ठिकाणी ठेवते, टिकलीच्या लसीकरणाच्या फायलीत. ती फाइल मी आगीतूनही बाहेर काढीन. आणि ती फाइल प्रवेशाच्या वेळी तपासणीसाठी म्हणून बालवाडीच्या कार्यालयात जमा होती. टिकली तिथे पुढच्या महिन्यापासून जाणार होती. कार्यालय शनिवारी एकपर्यंत उघडं.

मी रिक्षाने गेले. कार्यालयात एक बाई लिपिक होत्या, केस घट्ट बांधलेल्या, टेबलावर पेन्सिली एका उंचीच्या.

"मुलीची फाइल सोमवारपर्यंत हवी होती," मी म्हटलं.

"ओळखपत्र?"

ते घरी राहिलं होतं. "अहो, तुम्ही ओळखता मला. प्रवेशाच्या वेळी मी इथे पाच वेळा आले होते."

"सात वेळा," लिपिकबाई म्हणाल्या. "ओळखते ना मॅडम. पण नियम आहे." आणि त्यांनी खणातून प्लॅस्टिकच्या वेष्टणात घातलेला एक कागद काढला. अक्षर ओळखीचं वाटलं. माझंच होतं. प्रवेशाच्या वेळी बालवाडीच्या सुरक्षेविषयी मी चार पानी पत्र दिलं होतं, त्याचं दुसरं पान.

"'मुद्दा क्रमांक चार,'" त्या वाचू लागल्या. "'केवळ चेहरा ओळखीचा आहे एवढ्यावर विसंबून मूल किंवा मुलाचा कोणताही कागद कुणाच्याही हाती देऊ नये. ओळखपत्र पाहावे, तसेच दुसऱ्या पालकाची लेखी संमती घेऊन तिच्यावरील सही प्रवेशअर्जावरील सहीशी ताडून पाहावी.' फार सुंदर लिहिलंय मॅडम. नवीन शिक्षिका आल्या की आम्ही वाचून दाखवतो."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, माझी छाती दोन बोटं फुगली. माझं कुणीतरी ऐकलं होतं, तेही क्रमांकासकट.

नवऱ्याला फोन केला. तो माझं ओळखपत्र घेऊन, टिकलीला काखोटीला मारून धावत आला आणि त्याने संमतीवर झटकन सही केली. लिपिकबाईंनी प्रवेशअर्ज काढला, दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या, आणि मान हलवली.

"जुळत नाही."

"अहो, माझीच आहे," नवरा म्हणाला.

"पुन्हा करा."

त्याने पुन्हा केली. जुळेना. त्याने बसून केली, उभ्याने केली, टिकलीला माझ्याकडे देऊन केली. सातव्या वेळेला त्याची स्वतःचीही ओळख पटेनाशी झाली असावी, कारण तो सही करताना अडखळला. "माझी सही बदलली की काय गं?" तो मला घाबऱ्या आवाजात म्हणाला.

मी खिडकीतून बाहेर बघत होते. घड्याळात बारा चाळीस. प्रवेशअर्ज भरायचा शेवटचा दिवस मला लख्ख आठवत होता. नवरा कामावर होता, फोन लागत नव्हता आणि अर्जावर 'वडिलांची सही' अशी मोकळी चौकट होती.

"ती मी केलीये," मी म्हटलं.

टेबलावरच्या एका उंचीच्या पेन्सिलीही अवघडल्यासारख्या दिसल्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे हसू हळूहळू उमलत गेलं ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

"तू?" तो म्हणाला. "लोकांच्या मिशा जुळवणारी तू?"

लिपिकबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खणातून माझ्या पत्राचं तिसरं पानही काढलं, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, मॅडम." त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती. मग त्यांनी कोरा अर्ज काढला. आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, ओळखपत्रं पाहिली, दोघांच्या सह्या स्वतःच्या डोळ्यांदेखत घेतल्या, जुन्या अर्जावर तिरकी रेघ मारली, नव्यावर तारीख घातली, आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळही. बारा अठ्ठावन्न. फाइल हातात पडली तेव्हा मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटत होतं. टिकलीला यांच्या हवाली करायला आता हरकत नाही, एवढं मात्र मी मनात नक्की करून टाकलं.

रविवारी दहाला दोन मिनिटं असताना कानवाले काका आले. मी साखळीआडून त्यांचं ओळखपत्र मागितलं. बाबा मागून म्हणाले, "अगं सूनबाई, तोच आहे तो." पण मी पाहिलं. ज्या दिवशी पहारा हलका करायचा त्या दिवशी तरी पाहायलाच हवं.

मग विधीला सुरुवात झाली. इंटरनेटची वायर मी स्वतः काढली आणि खिशात ठेवली. बँकवाले काका साक्षीदार म्हणून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. अठ्ठेचाळीस आकडे त्यांनी वाचले, मोठ्याने, दर सहा आकड्यांनंतर श्वास घेऊन, आणि मी टाइप केले. यादी आली. मी सात दाबला. लॅपटॉप चालू झाला. पेनड्राइव्हवरचा तो बिनसहीचा ड्रायव्हर बसवताना लाल रंगात शेवटचा इशारा आला, की याला कोण ओळखतं ते आम्हाला माहीत नाही, तुम्हाला चालेल का? मी बाबांकडे बघितलं, कानवाल्या काकांकडे बघितलं आणि 'हो' दाबलं. करड्या पेटीवर हिरवा दिवा लागला.

बाबांच्या यंत्रांतून दोन वायरी पेटीला जोडल्या. कानवाले काका एकेक बारीक सूर सोडत होते, बाबा बोट वर करत होते. पडद्यावर एक वाकडी रेघ हळूहळू सरळ होत होती. नवरा बाजूला चहाचे कप घेऊन. मी दार, खिडकी, टिकली आणि लॅपटॉप अशी नजर फिरवत उभी. अशा वेळी शरीर आपलं आपण काम करत राहतं. टिकली भिंतीकडे गेली, तशी मी दोन पावलं पुढे टाकून तिला उचललं, भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग काढला, सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण बसवलं आणि तिला टेबलाखाली बाहुलीपाशी नेऊन सोडलं. घरातल्या सगळ्या सॉकेटना मी झाकणं लावते. दिवसातून वीस वेळा लावते. ते लावल्याचं मला कळतही नाही.

अकरा चाळीसला लॅपटॉप मालवला. बॅटरी जुनी होती.

"डावा कान गेला," बाबा म्हणाले. मग जरा मोठ्याने, "मघाशी थोडं तरी यायचं. आता काहीच नाही."

"अर्ध्यात तुटलं की यंत्र मुकं होतं," कानवाले काका म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले. "पण बंद कसं झालं?"

सगळ्यांची नजर वायरीवरून सरकत सरकत भिंतीवरच्या पांढऱ्या झाकणापर्यंत गेली. आणि तिथून माझ्याकडे. मी पहाऱ्यावर होते. माझ्या पहाऱ्यात पहारेकरणीनेच घात केला होता. नवऱ्याने नख घालून झाकण उपटलं.

बाबा डाव्या कानावर हात ठेवून बसले होते. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. मान खाली घालून ते आपल्याच गुडघ्याकडे बघत राहिले, आणि मला एकदम दिसलं की आता नाही जमलं तर हा माणूस 'वा, छान छान' म्हणणंसुद्धा सोडून देईल.

लॅपटॉप चालू केला. पेटीचा दिवा लागेना. दीड तासापूर्वी ज्याला आत बसवला होता, ज्याने आत बसून इतकं काम केलं होतं, त्यालाच पहारेकऱ्याने पुन्हा दारात उभं केलं होतं. मघाची ओळख नाही, काही नाही. सही दाखव. इतक्या घाईतही माझे हात क्षणभर जोडले गेले. मग मी म्हटलं, "काका, वाचा."

बँकवाल्या काकांनी या वेळी श्वास घ्यायला वेळ लावला नाही. अठ्ठेचाळीस आकडे त्यांनी एका दमात असे म्हटले की वकीलबाई काय झालं म्हणून खाली डोकावून गेल्या. सात. लाल इशारा. 'हो'. हिरवा दिवा. नवरा प्लगवर तळहात दाबून जमिनीवर बसला होता. मी त्याच्यापासून लांब, भिंतीकडे पाठ करून, दोन्ही हात काखेत घालून उभी राहिले. सूर, बोट, सूर, बोट. बारा वाजून नऊ मिनिटांनी कानवाल्या काकांनी वायरी काढल्या, यंत्रं बाबांच्या कानांमागे बसवली आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

"आता मागून कुणीतरी हळू बोला. अगदी हळू."

वेळेला काही सुचत नाही. बँकवाल्या काकांनी घसा खाकरला. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. चार शिकलेली माणसं, आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटेना.

बाबा एकाएकी म्हणाले, "अगं, किती रागावशील तिला! लहान आहे ती."

मी तर ओठसुद्धा हलवले नव्हते.

बाबांनी मान तिरकी केली. आम्हीही सगळ्यांनी केली. तेव्हा कुठे आम्हाला ते ऐकू आलं. टेबलाखालून, टेबलक्लॉथच्या आतून, अगदी कुजबुजल्यासारखं येत होतं. टिकली बाहुलीला दटावत होती, "हात नाय लावायचा. पडशील. दार नाय उघडायचं. तो काका कोण आहे? बघ आधी."

बाबा गुडघे धरून खाली वाकले. मग वाकून भागेना म्हणून सरळ जमिनीवर बसले आणि टेबलक्लॉथ उचलला. टिकलीने त्यांच्याकडे बघितलं, आणि सवयीने त्यांचं बोट धरायला हात पुढे केला.

"तिला ओरडू नकोस," आबा म्हणाले. "तिने नाही उघडलं दार. मी ऐकलंय सगळं."

टिकलीचा हात तसाच हवेत राहिला. तिने त्यांच्या एका कानाकडे बघितलं, मग दुसऱ्या. नंतर ती रांगत पुढे आली, त्यांच्या गुडघ्यावर चढली आणि डाव्या कानाला तोंड लावून काहीतरी म्हणाली. बराच वेळ म्हणत होती. मध्येच श्वास घेतला आणि पुन्हा म्हणू लागली. चार महिन्यांचं साठलेलं असणार. बाबांचे डोळे भरून आले होते, आणि ते कुठेही 'छान छान' न म्हणता मधूनमधून नीट उत्तर देत होते, "मग?", "कुठे?", "नाही गं, तो नाही, दुसरा."

कानवाल्या काकांची गाडी होती. नवरा त्यांना सोडायला गेला, बँकवाले काका आकड्यांचा कागद स्वतःच्या हातांनी फायलीत ठेवून गेले. मी स्वयंपाकघरात गेले, परत आले, पाणी प्याले. ती दोघं अजून टेबलाखालीच.

"काय सांगितलं हो तिने?" मी बाबांना विचारलं.

"ते आमच्या दोघांतलं आहे," बाबा म्हणाले.

टिकलीने टेबलक्लॉथ खाली ओढून घेतला. मी बाहेर उभी राहिले. पुन्हा विचारलं नाही. म्हणजे, एकदाच विचारलं.